दारू त्यांची, घर तुमचं

दारू सोडवायचा उपाय हवा असेल तर आधीच सांगते, तो माझ्याकडे नाही. ब्लाउजचं माप द्यायला आलेली बाई, टेप अजून दंडाला असतानाच, हळू आवाजात विचारते, "वहिनी, तुमच्या ह्यांना काय दिलं हो?" काही दिलं नाही. पावडर नाही, अंगारा नाही, ताईत नाही. सध्या ते पीत नाहीत आणि ते त्यांचं काम आहे. माझं काम वेगळं होतं. ते पीत असतानाही चूल पेटती ठेवायची, पोरं शाळेत पाठवायची आणि रात्री स्वतःला चार तास तरी झोप मिळवायची. ते मला जमलं, आणि तेवढंच सांगते.

आम्ही इचलकरंजीचे. हे मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे, मी घरात शिलाई करते आणि पिको-फॉल. मी लिहिणार बायकोच्या बाजूनं, कारण मला तीच बाजू माहीत. पण तुम्ही आई असा, बहीण असा, कॉलेजात जाणारा मुलगा असा, बरंचसं तसंच लागू पडेल. घरात पिणारी बाई असेल तरीही. फक्त तिथं घर जास्त झाकतं आणि डॉक्टरकडे जायला जास्त उशीर होतो.

झाकाझाक बंद

पिणाऱ्याच्या घरात एक अख्खी बिनपगारी नोकरी असते आणि ती कुणाच्या तरी गळ्यात पडते. सकाळी दिवाणजींना फोन लावायचा, "ह्यांना ताप आलाय." नणंदेच्या वास्तुशांतीला का आले नाहीत, तर "पित्त झालंय." रात्रीची उलटी पोरं उठायच्या आत फिनेल टाकून पुसायची. परमिट रूमचा पोरगा दारात आला की शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून त्याची उधारी भागवायची. हे सगळं आपण अब्रूसाठी करतो. पण त्यामुळे पिण्याचा सगळा ताप आपल्या वाट्याला येतो आणि त्यांच्या वाट्याला नुसतं पिणं उरतं. मग त्यांनी सोडावी तरी कशाला?

मी एक ठरवलं. जिवावर बेतत असेल तर पडेल ते करायचं, लाज झाकायला काही करायचं नाही. आणि हे भांडणाच्या भरात नाही, शुद्धीवर असताना आधी सांगून ठेवायचं. मी म्हटलं, "उद्यापासून दिवाणजींचा फोन आला तर मी तुमच्याकडे देणार. ताप आहे असं मी सांगणार नाही." आरडाओरडा झाला. होणारच. दिवाणजींशी बोलायची वेळ त्यांच्यावरच आली. पुढं पाळीवरून उतरवलं आणि त्या दिवसांत घरात फक्त शिलाईचे पैसे येत होते. सासूबाईंनी मला बोल लावला. पण डॉक्टरला दाखवू या, असं ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते त्याच दिवसांत.

जिवावर बेतणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या. पिऊन पडलेल्या माणसाला उताणं झोपवू नका. उलटी घशात अडकते आणि माणूस झोपेतच जातो. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढं दुमडा, तोंड किंचित खाली. चादर घाला आणि अधूनमधून बघा. हलवून उठत नसतील, श्वास फार सावकाश आणि अडखळत चालला असेल, अंग गार पडून ओठ निळसर झाले असतील तर "झोपू दे, सकाळी उतरेल" म्हणू नका. १०८ ला फोन करा. हातभट्टीची घेतली असेल आणि डोळ्यांपुढं अंधुक दिसतंय म्हणत असतील, पोटात मुरडा येत असेल, तर ती दारू विषारी असू शकते. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये अशा दारूनं शंभरावर माणसं गेली. तिथं तासाला किंमत असते.

बाटल्या शोधत बसू नका. मी कुठून कुठून काढल्या आहेत ते सांगितलं तर हसाल: सिलिंडरच्या मागं, पाण्याच्या टाकीत, एकदा तर माझ्याच चिंध्यांच्या गाठोड्यात. मोरीत ओतली की ते दुसरी आणतात, पैसे घरातलेच जातात. गाडीची किल्ली मात्र लपवा. तिथं मला कसलंही तत्त्वज्ञान नको. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा आहे आणि एक क्वार्टर मारलेला माणूस ती सहज ओलांडतो. पोलिसांनी धरलं तर दंड त्यांनाच भरू द्या. पण समोरून येणाऱ्याचा काय दोष?

शपथ, माळ, श्रावण

आमच्याकडं जोतिबाची शपथ झाली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून झाली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की पोरीला वाटतं, आता मला काहीतरी होणार. म्हणून ती प्रथा आपल्या घरात बंदच करा. शपथ घेताना माणूस खोटं बोलत नसतो, मनापासूनच बोलत असतो. पण संध्याकाळी हात थरथरायला लागले की ते मन जागेवर राहत नाही. दारूचं अवलंबित्व हा आजार आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत तो आहे. मधुमेह शपथेनं उतरत नाही, मग याच्याकडून ती अपेक्षा का?

माळ घालून सुटलेले मी पाहिलेत. आमच्याच गल्लीत आहेत, कितीतरी वर्षं वारी करतात. मी त्याला नावं ठेवणार नाही. मला वाटतं तिथं माळेइतकंच दिंडीतल्या माणसांचं बळ असतं: रोज भेटणारी, न पिणारी माणसं. एकट्यानं माळ घालून पुन्हा त्याच कट्ट्यावर बसणाऱ्याची माळ आषाढीपर्यंतही टिकत नाही.

श्रावणाचं वेगळं. "श्रावणात महिनाभर शिवत नाही, मग मला व्यसन कसलं?" हे तुम्ही ऐकलं असेलच. गटारीला किती झाली आणि श्रावण संपल्यावर पहिल्या दिवशी किती झाली, एवढं बघा, उत्तर मिळतं. पण श्रावणात खरा धोका निराळा आहे, आणि तो मी आमच्या घरात पाहिला.

एकदम बंद करायला लावू नका

सकाळी उठल्या उठल्या उतारा लागत असेल, हात थरथरत असतील, न घेता घाम सुटत असेल तर त्या माणसाचं शरीर दारूवर चाललेलं आहे. अशा माणसाची दारू घरी, डॉक्टरशिवाय, एकदम तोडणं धोक्याचं आहे. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भ्रम सुरू होतो, ताप चढतो, माणूस कुठं आहे ते विसरतो. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो.

ह्यांनी श्रावण पाळायचा म्हणून सोमवारी बंद केली. मंगळवारी चहाचा कप बशीवर वाजत होता, मी म्हटलं होईल कमी. बुधवारी रात्री उठून बघते तर हे पलंगावर मांडी घालून बसलेले, डोळे उघडे, आणि दोन्ही हातांची बोटं हवेत चाललेली. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणायचे, पीळ द्यायचे, गाठ मारायचे, वाकून दातानं टोक तोडायचे. परत पुढचा धागा. समोर माग नव्हता, सूत नव्हतं. मला म्हणाले, "लाईट गेली तर सगळं तुटंल, पटापट ओढ." अंग तव्यासारखं तापलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की या भ्रमात पुष्कळ माणसं आपापला धंदाच करत बसतात, ड्रायव्हर स्टीअरिंग फिरवतो, शिंपी सुई ओवतो. झोपेची औषधं देऊन हळूहळू ती उतरवत नेली. सलाईन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. तेही लक्षात ठेवा. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ उरलेलं नसतं आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी किती पितात, किती वर्षं, शेवटची कधी घेतली, हे खरं खरं सांगा. "कधीतरी घेतात" असं डॉक्टरांना सांगणं ही सगळ्यात महाग झाकाझाक आहे.

आणि चोरून द्यायच्या औषधांबद्दल. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा भिंतीवरच्या जाहिराती सगळ्यांनी पाहिल्यात. त्या पुडीत काय असतं ते आपल्याला कळायला मार्ग नाही. डायसल्फिरॅम नावाची एक खरी गोळी आहे. ती घेतलेली असताना दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ती डॉक्टर देतात, पण माणसाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, यकृत-हृदय तपासून. आमटीत कालवून दिली आणि तो माणूस बाहेर जाऊन प्यायला, तर तुम्ही त्याचा जीव घेऊ शकता. शिवाय कधी ना कधी कळतंच, आणि मग तो घरात जेवायचं सोडतो. ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. आपण त्यात हात घालू नये.

बोलायचं कधी आणि काय

पिऊन आलेल्या माणसाशी दारूवर बोलू नका. काहीच बोलू नका. ताट वाढायचं, नको म्हणाले तर झाकून ठेवायचं, आणि आपण आत जायचं. रात्रीचं भांडण त्यांना सकाळी आठवत नाही, तुम्हाला मात्र आठ दिवस पुरतं.

वेळ सकाळची. आंघोळ झालेली, चहा झालेला, पोरं शाळेत गेलेली. एका वेळी एकच गोष्ट काढायची आणि तीही घडलेली. "तुम्ही संसाराचं वाटोळं केलंत" यावर माणूस भांडू शकतो. "काल शाळेच्या गॅदरिंगला तुम्ही पडलात आणि पोरगं स्टेजवरून बघत होतं" यावर भांडता येत नाही. मग आपलं वाक्य: "मला भीती वाटते. तुम्ही डॉक्टरांकडं यावं असं मला वाटतं. गुरुवारी ओपीडी असते, मी सोबत येते." तेवढं बोलून उठायचं. उत्तराची वाट बघत समोर बसलं की तो कोर्ट-कचेरीचा मामला होतो.

आणखी एक, जे मला माझ्या मोठ्या जाऊबाईंनी शिकवलं, आणि पुढं समुपदेशक बाईंनीही तेच सांगितलं. ज्या दिवशी प्यायलेले नसतील त्या दिवशी चांगलं वागायचं. आपण करतो उलटं. प्यायलेल्या दिवशी सगळं घर त्यांच्याभोवती नाचतं, आणि न प्यायलेल्या दिवशी आपण साठलेला राग काढतो. कोरड्या संध्याकाळी आवडीचं काहीतरी करायचं, दोन शब्द जास्त बोलायचे, पोरांना जवळ बसवायचं. प्यायले की सगळं थंड, ना शिव्या ना लाड. हे लाचारीनं वागणं नाही. कशानं घर गोड लागतं आणि कशानं नाही, हे माणसाला दिसलं पाहिजे.

"तू किरकिर करतेस म्हणून पितो." हे वाक्य ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी हात वर करा. अल-अॅनॉन म्हणून पिणाऱ्यांच्या नातेवाइकांच्या बैठका असतात. तिथं मी ऐकलं ते असं, की ही दारू मी लावली नाही, मला ती आवरता येणार नाही आणि मला ती बरी करता येणार नाही. मी ते शिलाई मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलं. दिवसातून बरेचदा झाकण उघडतं.

पैसा

इथं हळवं होऊन चालत नाही. पगाराच्या दिवशी माणसाच्या मागं फिरण्यापेक्षा आपल्या कमाईचं खातं फक्त आपल्या नावावर काढा, एटीएमचं कार्ड माहेरी किंवा भरवशाच्या मैत्रिणीकडे. शाळेची फी, घरभाडं, किराणा आधी, बाकी सगळं नंतर. रोकड घरात ठेवायची नाही. माझ्या बॉबिनच्या डब्यातले पैसे मलाच सापडायचे नाहीत, इतक्या शिताफीनं जायचे.

कुठल्याही कागदावर सही करू नका: बँक असो, पतसंस्था असो, खासगी सावकार असो. ज्या कर्जाला तुमची सही नाही, जामीन नाही, त्याची वसुली तुमच्या कमाईतून करायला कुणी दारात आलं तर सरळ सांगा, "ज्यांना दिलेत त्यांच्याकडून घ्या." बचत गटातून त्यांच्या नावानं पैसे उचलू नका. तिथं गेलेली पत परत येत नाही आणि उद्या तीच तुम्हाला लागणार असते. दागिने असतील तर लॉकरमध्ये, नाहीतर आईकडे. आधार, रेशनकार्ड, पोरांचे दाखले, जागेचे कागद यांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून घराबाहेर ठेवा. ही पिशवी मला कधी लागली नाही, पण ती आहे म्हणून मी नीट झोपायचे.

हात उचलला तर

तर वर लिहिलेलं सगळं बाजूला. तिथं समजून घ्यायचं काही उरत नाही. "शुद्धीत नव्हते" ही सबब कायदा मानत नाही. स्वतःहून घेतलेल्या नशेत केलेला गुन्हा गुन्हाच असतो. पोरांना घेऊन बाहेर पडा, ११२ लावा. महिला हेल्पलाइन १८१. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले असतात, त्यांच्याकडे अर्ज करायला वकील लागत नाही. घर तुमच्या नावावर नसलं तरी जिथं नांदताय तिथून तुम्हाला असंच हाकलता येत नाही. मारू नये, जवळ येऊ नये असा आदेश न्यायालयाकडून मिळतो. शेजारच्या एका घराला आधीच सांगून ठेवा की मी भांडं आपटलं की दार वाजवायचं. लाज वाटते, पण सांगा.

संशय हाही याच खात्यातला. फार वर्षं पिणाऱ्या काही माणसांच्या डोक्यात बायकोबद्दल संशय घर करतो आणि त्याला कसला पुरावा लागत नाही. अस्तर-बटणं पुरवणारा पोरगा दारात उभा राहिला तरी आमच्याकडं रात्र जायची. मी स्वतःला सिद्ध करायचं सोडून दिलं आणि ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घातली. तुम्हीही घाला. हे आजाराचं लक्षण असू शकतं आणि कधीकधी ते मारहाणीपेक्षा घातक ठरतं.

पोरं

"बाबांना बरं नाही" हे पोरांना पटत नाही. त्यांना वास येतो. माझी मुलगी चौथीत होती तेव्हा तिला सांगितलं, बाबांना दारूचा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तू पहिला नंबर आणलास तरी तो जाणार नाही, आणि तो बरा करायचं काम मोठ्यांचं आहे. तिनं विचारलं, "मग मैत्रिणींना काय सांगू?" मी म्हटलं, तुला वाटलं तर सांग, नाही वाटलं तर नको सांगू, पण माझ्याजवळ कधीही बोल.

काही गोष्टी पक्क्या करा. पोराला गुत्त्यावर "बाबांना बोलावून आण" म्हणून पाठवायचं नाही. सोडा, चकणा आणायला पाठवायचं नाही. "तुझ्या बापाला विचार जरा" असं त्याच्या तोंडून भांडायचं नाही. मोठा मुलगा असेल तर तो घरातला कर्ता व्हायला बघतो, अभ्यास सोडून आईची राखण करतो. लोक कौतुक करतात, "किती समजूतदार!" मला ते कौतुक ऐकवत नाही. त्याला क्रिकेट खेळायला पाठवा.

उपचार कुठं

सुरुवात जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीपासून करा. "वेड्यांचा डॉक्टर" म्हणून नाकं मुरडतात, मुरडू देत. फोनवर विचारायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलि-मानस १४४१६. टेलि-मानसवर मराठीतून बोलता येतं, आणि तिथं तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता. पुण्यात मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. तिथं पेशंटइतकाच बायकांचाही विचार होतो, पत्नींचा स्वतंत्र गट आहे. मुंबईकडे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये काढलेलं कृपा फाउंडेशन आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या म्हणजे एएच्या मीटिंगा तर गावोगाव, शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये होतात. फी नसते, पूर्ण नाव विचारत नाहीत. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट.

खासगी केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. "आम्ही गाडी घेऊन येतो, उचलून नेतो, तीन महिने भेटायचं नाही" असं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार कुणाला साखळीनं बांधता येत नाही. संमतीशिवाय दाखल करायचं तर जिवाला धोका आहे असं दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून ठरवावं लागतं. जाऊन विचारा: डॉक्टर रोज असतात का, रात्री फिट आली तर काय करता, घरच्यांना कधी भेटू देता, नोंदणी आहे का. उत्तर देताना चिडले तर परत या.

आपलं स्वतःचं

हे शेवटी लिहिलं, पण करायचं आज. ते सुटतील तेव्हा मी सुटेन असं धरून बसलात तर दोघंही अडकलात. मला रात्री गेटची कडी वाजली की पोटात गोळा यायचा, आणि पावलं कशी पडतायत त्यावरून किती झाली ते कळायचं. ह्यांनी सोडल्यावरही तो गोळा गेला नाही. हे आणि पोरं सगळी घरात असताना शेजाऱ्याची कडी वाजली तरी मी ताडकन उठायचे. डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघितला तर माझीच गोळी सुरू झाली. तेव्हा आधी स्वतःची तपासणी करून घ्या: बीपी, साखर, हिमोग्लोबिन. झोप येत नसेल, रडू आवरत नसेल, मरून जावं असं मनात येत असेल तर तोही आजारच आणि त्याचीही औषधं आहेत. असं मनात आलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा, नाहीतर १४४१६.

दिवसातली एक वेळ अशी ठेवा जिथं त्यांचं पिणं पोचत नाही. मी मंगळवारी संध्याकाळी भजनी मंडळात जायला लागले. आवाज बेसूर आहे, कुणी तक्रार केली नाही. आधी वाटायचं आपण नसताना काही झालं तर. मग कळलं, मी घरात असतानाही व्हायचं ते होतच होतं. माहेरचं जाणं, भिशी, मैत्रिणीबरोबर बाजार, जे जे "हे असं असताना कुठं जायचं" म्हणून सोडलंत, त्यातलं एक परत धरा. एका माणसाला तरी खरं सांगा, सगळं नाही, तुकड्यातुकड्यानं. नातेवाइकांतलं नको, ते न्यायनिवाडा करायला बसतात.

राग येऊ द्या. "त्यांचा आजार आहे" हे समजलं म्हणून राग यायचा थांबत नाही, थांबायला पाहिजे असंही नाही. आणि माफी? लोकांना फार घाई असते माफीची. तुम्हाला नसेल तर नसू दे. काही बायका वेगळ्या राहिल्या, काहींनी घटस्फोट घेतला, त्यांच्यातल्या एकीलाही मी कमी मानत नाही. राहणं हा माझा निर्णय होता, तो सगळ्यांनी घ्यावा असं नाही.

सोडल्यावर

सोडल्यावर सगळं गोड होतं असं कुणी सांगितलं असेल तर विसरा. पहिले काही महिने माणूस चिडका असतो, झोपत नाही, गोड फार खातो. इतकी वर्षं घर तुम्ही चालवलेलं असतं आणि आता ते एकदम "मी बघतो" म्हणायला लागतात. सगळ्या किल्ल्या एकदम देऊ नका आणि सगळ्या अडवूनही धरू नका. आमच्याकडं लाईट बिलापासून सुरुवात केली. रोज तोंडाचा वास घेणं, खिसे चाचपणं सोडून द्या. कठीण जातं, मला फार कठीण गेलं.

आणि परत पिऊ शकतात. केंद्रात त्याला "स्लिप" म्हणतात. स्लिप झाली म्हणजे सगळं पाण्यात गेलं असं नाही, या आजारात ती नेहमीची आहे. ठरवून ठेवा की झाली तर पहिला फोन कुणाला: केंद्राच्या समुपदेशकाला, की त्यांच्या एएमधल्या मित्राला. सासरी-माहेरी नाही. तो नंबर त्यांनी शुद्धीत असताना स्वतःच्या हातानं लिहून दिलेला असावा. आमचा फ्रीजवर आहे, वापरावाही लागलाय. लग्न, वरात, जत्रा, पगाराचा दिवस आणि रिकामी दुपार, या वेळा संभाळायच्या असतात. त्या त्यांनी संभाळायच्या. आपण आधी जेवून लवकर परत यायचा पर्याय तेवढा ठेवायचा.

ते मीटिंगला जात असोत नसोत, तुम्ही तुमच्या मीटिंगला जा. अल-अॅनॉनची शाखा जवळ कुठं आहे ते एएच्या मीटिंगमध्ये विचारलं की कळतं. नसेलच तर एएच्या खुल्या मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं. पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसा. चहा येतो, बिस्किटं येतात. बोलायची पाळी आली आणि घशातून शब्द फुटला नाही तर "आज नुसतं ऐकते" म्हणायचं. कुणी आग्रह करत नाही, पाळी पुढच्या बाईकडे जाते.